कुशीवर झोपणाऱ्याने झोळी कशी निवडावी?

हुरड्याचा हंगाम सुरू झाला की नांदेड-लातूरच्या शहरी कुटुंबांची पावले शेताकडे वळतात. नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरील नायगाव परिसरात डिसेंबर-जानेवारीत ज्वारीची कणसे भरू लागतात आणि आखाड्यावर शेकोटीभोवती गप्पांचे फड रंगतात. दिवस सरल्यावर शहराकडे परतण्याऐवजी तिथेच रात्र काढावी, असे अनेकांना वाटते. प्रश्न येतो तो झोपण्याचा. जमिनीवर पथारी टाकावी तर विंचूकाट्याची धास्ती, बाज न्यावी तर ती मोटारीत मावत नाही. तंबू ठोकावा तर उन्हाळ्यात भेगाळलेल्या आणि पावसाळ्यात चिखल झालेल्या काळ्या मातीत खुंट्या धरत नाहीत. अशा वेळी दोन झाडांमध्ये टांगायची, घडी करून पिशवीत मावणारी झोळी, म्हणजे हॅमॉक, हा सुटसुटीत पर्याय समोर येतो.

मात्र पहिली झोळी घेणाऱ्या अनेकांचा पहिल्याच रात्री विरस होतो. जाहिरातीतला माणूस पाठीवर निवांत पहुडलेला असतो. प्रत्यक्षात आपल्यापैकी बहुतेक जण रात्रीचा बराच काळ कुशीवर झोपतात आणि अनेकदा कूस बदलतात. साध्या झोळीत असा माणूस शिरला की त्याचे खांदे दोन्ही बाजूंनी आवळले जातात, कंबर खाली जाते, गुडघे अवघडतात आणि पहाटे तो मान धरून उठतो. मग दोष झोळीच्या कल्पनेलाच दिला जातो. वास्तविक तो बहुतेक वेळा मापाचा, आकाराचा किंवा टांगण्याच्या पद्धतीचा असतो. कुशीवर झोपणाऱ्याने कापडाचा रंग आणि किंमत पाहण्याआधी या तीन गोष्टी पाहायला हव्यात.

जुनी वस्तू, नवे रूप

झोळी आपल्याला नवी नाही. जुन्या लुगड्याची झोळी आढ्याला किंवा झाडाच्या फांदीला बांधून तान्ह्या बाळाला निजवण्याची रीत मराठवाड्यात घरोघरी होती. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांमध्ये फडाच्या कडेला अशी झोळी आजही दिसते. मोठ्या माणसाने झोळीत रात्र काढण्याची परंपरा मात्र अमेरिका खंडातली. १४९२ मध्ये कोलंबस कॅरिबियन बेटांवर पोहोचला तेव्हा तेथील लोक टांगत्या जाळीत झोपत असल्याची नोंद झाली. ‘हॅमॉक’ हा शब्दही तेथील ताइनो भाषेतून आलेला आहे. पुढे युरोपीय आरमारांनी ती उचलली, कारण डोलणाऱ्या जहाजावर टांगलेला माणूस बिछान्यावरून गडगडत नाही. १९६९ मध्ये ‘अपोलो ११’च्या चांद्रवीरांना अडचणीच्या यानात नीट झोप मिळाली नाही. त्याच वर्षीच्या ‘अपोलो १२’ मोहिमेत चांद्रयानामध्ये झोळ्या पाठवण्यात आल्या.

झुलण्याने झोप लागते, या आजीच्या अनुभवाला शास्त्राचाही आधार मिळाला आहे. स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ मध्ये दुपारच्या डुलकीचा आणि २०१९ मध्ये संपूर्ण रात्रीच्या झोपेचा अभ्यास प्रसिद्ध केला. संथपणे हलणाऱ्या बिछान्यावर माणसे लवकर निद्राधीन होतात आणि त्यांची झोप अधिक गाढ होते, असे त्यात आढळले. हे प्रयोग यंत्राने हलणाऱ्या पलंगावर झाले होते आणि त्यांत भाग घेणारे थोडेच होते, हे ध्यानात ठेवावे. चुकीच्या मापाच्या झोळीत हा लाभ मिळेल, अशी हमी त्यातून मिळत नाही.

केळीचा आकार मोडायचा

दोन टोकांना गोळा केलेले कापड टांगले की त्याचा केळीसारखा बाक होतो. त्यात लांबीच्या सरळ रेषेत झोपले की शरीरही तसेच वाकते. पाठीवर झोपणारा ते काही वेळ सहन करतो. कुशीवर वळणाऱ्याचा कणा मात्र त्या अवस्थेत बाजूला वाकतो, म्हणून त्याला ते सहन होत नाही.

यावरचा उपाय झोळी वापरणाऱ्या समाजांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. तो म्हणजे तिरके झोपणे. मध्यरेषेपासून डोके साधारण एक फूट एका बाजूला आणि पाय तेवढेच दुसऱ्या बाजूला घ्यायचे. असे केले की कापड ताणून पसरते, बाक बराचसा जातो आणि जवळपास सपाट जागा तयार होते. ब्राझीलमध्ये किंवा मेक्सिकोच्या युकातान प्रांतात लोक झोळीत रोज रात्री झोपतात ते अशाच पद्धतीने. या तिरक्या बैठकीत अंगाचे मुटकुळे करून कुशीवर झोपता येते. गादीवर कुशीवर झोपताना खांदा आणि खुबा या दोनच ठिकाणी भार येतो. झोळीचे कापड शरीराच्या आकाराप्रमाणे वळत असल्याने तो भार अधिक भागावर वाटला जातो. ज्यांचा खांदा रात्री दुखतो, त्यांच्यापैकी काहींना योग्य झोळी मानवते ती यामुळेच.

तिरके झोपण्यासाठी कापड मात्र पुरेसे लांब-रुंद हवे. इथेच पहिली खरेदी फसते. स्वस्त झोळ्या बहुधा साडेआठ-नऊ फूट लांब असतात. दुपारी लवंडून पुस्तक वाचायला त्या ठीक; रात्रभराच्या झोपेसाठी अपुऱ्या. सुमारे साडेपाच फूट उंचीपर्यंतच्या व्यक्तीने किमान दहा फूट आणि त्याहून उंच व्यक्तीने अकरा फूट लांबीची झोळी घ्यावी. रुंदी पाच फुटांच्या आसपास असावी. वेष्टनावर दिलेली लांबी केवळ कापडाची आहे की दोऱ्यांसह, हे दुकानदाराला विचारावे आणि शक्य असल्यास कापड उलगडून मोजावे. ‘दोघांसाठी’ म्हणून विकली जाणारी झोळी पुष्कळदा फक्त रुंद असते, लांब नसते. रुंदी वाढली तरी लांबीची उणीव भरून निघत नाही. उलट जादा कापड तोंडावर येते.

कोणता प्रकार कोणासाठी?

बाजारातील झोळ्या ढोबळमानाने पाच प्रकारांत मोडतात.

पहिला प्रकार टोके गोळा केलेल्या कापडी झोळीचा. ती हलकी, स्वस्त आणि सहज मिळणारी असते. लांबी पुरेशी असेल आणि तिरके झोपण्याची सवय केली तर कुशीवर झोपणाऱ्या बहुतेकांचे तिच्यावर भागते. पहिली खरेदी याच प्रकाराची असणे व्यवहार्य ठरते.

दुसरा प्रकार पुलासारख्या झोळीचा. तिच्या डोक्याकडे आणि पायाकडे आडवे दांडे असतात आणि कडा कमानीसारख्या कापलेल्या असतात. पाठ त्यामुळे सरळ राहते आणि कुशीवर वळणे सोपे जाते. दांड्यांमुळे वजन मात्र वाढते, आणि खांदे रुंद असणाऱ्याला डोक्याकडचा दांडा अपुरा पडल्यास आवळल्यासारखे वाटते. ज्यांना तिरके झोपणे जमतच नाही, त्यांनी हिचा विचार करावा.

तिसरा प्रकार आडव्या झोळीचा. हिच्यात माणूस झाडांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात झोपतो आणि खाली हवा भरायची गादी असते. घरच्या बिछान्याच्या सर्वात जवळ जाणारा हा प्रकार असून सतत कूस बदलणाऱ्यालाही तो मानवतो. किंमत अधिक आणि आपल्याकडे उपलब्धता कमी, ही त्याची अडचण. पहिलीच झोळी म्हणून एवढा खर्च करण्याआधी साध्या झोळीचा अनुभव घेतलेला बरा.

चौथा प्रकार बागेत दिसतो. दोन्ही टोकांना लाकडी दांडे लावून कापड सपाट ताणलेले असते. दिसायला तो पलंगासारखा आरामदायी. परंतु त्याचा तोल फार नाजूक असतो. झोपेत कूस बदलणारा माणूस त्यातून उलटून पडण्याची शक्यता मोठी. मुक्कामासाठी तो घेऊच नये.

पाचवा प्रकार रस्त्याच्या कडेला विकायला येणाऱ्या दोरीच्या जाळीचा. विरळ विणीची जाळी अंगावर वळ उठवते. तिच्यात सदऱ्याची बटणे आणि पायाची बोटे अडकतात, डासही खालून मोकळेपणाने चावतात. घट्ट विणीची हातमागाची झोळी वेगळी; ती उत्तम असते, पण जड असल्याने प्रवासात नेण्याजोगी नसते.

कापडाच्या बाबतीत एक गोष्ट पाहावी. फार ताणले जाणारे पातळ कापड हाताला मऊ लागते, पण भार पडताच त्याचा खड्डा होतो आणि खांदे आवळले जातात. कुशीवर झोपणाऱ्याला कमी ताणणारे कापड मानवते. दोन पदरी झोळी मिळाल्यास तिला प्राधान्य द्यावे. त्याचे कारण पुढे येईल.

टांगण्याचे गणित

चांगली झोळी चुकीची टांगली तर तिचे मोल शून्य. नवशिक्याला वाटते, दोरी जितकी ताठ तितकी झोप सपाट. घडते नेमके उलटे. ताठ बांधलेल्या झोळीच्या कडा उभ्या राहतात, खांदे आवळले जातात आणि मध्यभागी अरुंद पन्हळ तयार होते. त्यात कुशीवर वळायला जागाच उरत नाही.

ताठ दोरी धोक्याचीही असते. पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर ७० किलो वजनाच्या माणसामुळे प्रत्येक बाजूच्या पट्ट्यावर सुमारे ७० किलोचा ताण येतो. तोच कोन १५ अंशांवर आला तर ताण सुमारे १३५ किलो होतो, १० अंशांवर २०० किलो आणि ५ अंशांवर तर ४०० किलोच्या घरात जातो. कपडे वाळत घालण्याची ताणलेली दोरी एका ओल्या चादरीने खिळ्यासकट उपटली जाते, त्यामागचे गणित हेच आहे.

म्हणून ३० अंशांचा कोन लक्षात ठेवावा. तो मोजण्यासाठी उपकरण लागत नाही. अंगठा सरळ वर आणि तर्जनी आडवी धरली की दोन्ही टोकांना जोडणारी कल्पित रेषा अंदाजे तेवढ्याच उताराची असते. पट्टा त्या रेषेशी जुळला म्हणजे काम झाले. झाडांमधले अंतर बारा ते पंधरा फूट असावे. त्या अंतरासाठी पट्टा खोडाला पाच ते सहा फूट उंचीवर बांधावा लागतो. आपण बसल्यावर झोळीचा तळ खुर्चीच्या उंचीवर, म्हणजे दीड फुटाच्या आसपास यावा. त्याहून उंच टांगण्याचा मोह टाळावा, कारण झोपेत पडण्याची उंची आपणच ठरवत असतो.

काही झोळ्यांना दोन टोके जोडणारी एक ठरावीक लांबीची वरची दोरी असते. झाडे जवळ असोत वा दूर, ती झोळीचा बाक कायम तोच ठेवते. तिची लांबी साधारण झोळीच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवण्याचा प्रघात आहे. दहा फुटी झोळीला ती सव्वाआठ फुटांच्या आसपास येते. ज्याची झोप हलकी आहे, त्याने ही दोरी असलेली झोळीच घ्यावी. एकदा मानवलेला बाक दर मुक्कामी पुन्हा मिळतो, हा तिचा मोठा फायदा.

झाडाला बांधायचा पट्टा किमान एक इंच रुंद आणि पॉलिस्टरचा असावा. बारीक दोरीने साल कापली जाऊन झाडाला इजा होते. नायलॉनचा पट्टा भाराने आणि ओलाव्याने ताणला जातो. रात्री दीड फुटावर असलेली पाठ पहाटे जमिनीला टेकते ती त्यामुळे. वेष्टनावरील वजनमर्यादा आपल्या वजनाच्या किमान दीडपट असलेली बरी.

कूस बदलणाऱ्याची पथारी

झोळीत पाठीखालून वारा लागतो. नायगाव परिसरात हिवाळ्याच्या पहाटे चांगलाच गारठा पडतो आणि उघड्या शेतात तो अधिक बोचतो. अंगावर कितीही पांघरले तरी पाठीखालचे पांघरूण अंगाच्या भाराने दबते आणि त्यातली ऊब जाते. म्हणून पाठीखाली दबणार नाही असे काहीतरी हवे. फोमची चटई हा सर्वात स्वस्त उपाय. परंतु सारखी कूस बदलणाऱ्याखालून ती सरकते आणि मध्यरात्री पाठ उघडी पडते. इथे दोन पदरी झोळी उपयोगी येते. चटई दोन पदरांमध्ये सरकवली की माणूस हलला तरी ती जागची हलत नाही. झोळीच्या खालून बाहेरच्या बाजूने टांगायची खास रजई हा दुसरा, अधिक महाग पण अधिक सुखाचा उपाय. घरची जाड वाकळ अंथरूनही भागते. मात्र तिच्या कडा झोळीच्या काठापर्यंत पोहोचतील, एवढी ती मोठी असावी.

पांघरण्यासाठी चेनची झोपण्याची पिशवी असेल तर ती मोकळी करून रजईसारखी घ्यावी. बंद पिशवीत कूस बदलताना माणूस गुरफटतो आणि झोळीचा तोलही जातो. उशी लहान आणि मऊ असावी, कारण झोळी मुळातच डोके थोडे उचलून धरते. दोन्ही गुडघ्यांमध्ये एक घडी केलेली शाल ठेवली तर खुब्यावरचा ताण कमी होतो. पाठीवर वळल्यावर तीच गुडघ्यांखाली घ्यावी.

उजव्या आणि डाव्या कुशीवर सारखाच आराम मिळेल असे नाही. तिरके झोपल्यामुळे एक कूस सोयीची आणि दुसरी अडचणीची होते. डोके आणि पाय यांच्या बाजू बदलून पाहिल्या की आपली सोयीची कूस सापडते. काही झोळ्यांची शिवण एकाच दिशेने तिरके झोपण्यासाठी केलेली असते. अशी झोळी घेण्याआधी ती आपल्या कुशीला अनुकूल आहे ना, हे दुकानातच आडवे होऊन पाहावे.

अस्वस्थतेचे मूळ कधी शरीरात असते, हेही सांगायला हवे. रात्री पाय सतत हलवावेसे वाटणे हे लोहाच्या कमतरतेचे लक्षण असू शकते. जोरात घोरणे आणि श्वास अडकून जाग येणे याचीही तपासणी व्हायला हवी. अशा तक्रारी असणाऱ्यांनी, तसेच मणक्याचे दुखणे असणाऱ्यांनी आणि गरोदर महिलांनी झोळीचा प्रयोग डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावा.

मराठवाड्यात टांगताना

आपल्या भागात झोळीचा सर्वात मोठा गुण म्हणजे ती जमिनीपासून वर असते. मण्यार हा अत्यंत विषारी साप रात्री फिरतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावल्याच्या घटना प्रामुख्याने घडतात. त्याचा दंश अनेकदा जाणवतही नाही. पहाटे पोट दुखू लागते, पापण्या जड होतात आणि तोवर मौल्यवान वेळ निघून गेलेला असतो. झोळीमुळे हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. पादत्राणे जमिनीवर न ठेवता टांगावीत, उतरताना आधी बॅटरीचा उजेड पाडावा आणि दंशाची नुसती शंका आली तरी रुग्णालय गाठावे.

डासांसाठी चेन असलेली मच्छरदाणी झोळीलाच शिवलेली असावी. अस्वस्थ झोपणाऱ्याचा कोपर किंवा गुडघा जाळीला टेकतो आणि डास तिथून चावतात. त्यामुळे जाळी वरच्या दोरीवरून मोकळी, अंगापासून दूर राहील अशी हवी. ताणलेल्या एकपदरी पातळ कापडातूनही डासांची सोंड आत शिरते. दोन पदरी झोळी घेण्याचे हे दुसरे कारण.

झाड निवडताना लिंब, चिंच, आंबा यांची मांडीएवढी जाड, जिवंत खोडे पाहावीत. शेवगा ठिसूळ असतो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. वर पाहून वाळलेली फांदी आणि आग्या मोहोळ नाही याची खात्री करावी. वड-पिंपळावर अशी पोळी हमखास असतात, आणि शेकोटीचा धूर त्यांच्यापर्यंत जाता कामा नये. अवकाळी पावसाच्या दिवसांत शेतातल्या एकट्या उंच झाडाखाली मुक्काम करूच नये. मराठवाड्यात वीज पडून दरवर्षी माणसे आणि जनावरे दगावतात. आकाश गडगडू लागताच पक्क्या घरात जावे. किनवट-माहूरच्या जंगलाकडे जायचे असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्यावी.

फाटकाचे विटांचे खांब, गच्चीचे कठडे आणि विजेचे खांब यांना झोळी कधीही बांधू नये. वर दिलेला ताणाचा हिशेब पाहिला तर असा खांब अंगावर का कोसळतो, हे सहज समजेल.

आधी घरी, मग रानात

पहिली रात्र रानात काढण्याआधी झोळीची परीक्षा घराजवळ घ्यावी. अंगणात दोन झाडे असतील तर उत्तम. जुन्या माळवदाच्या घरातील लाकडी खांब चालतील, पण वाळवी लागलेली नाही हे आधी ठोकून पाहावे. सदनिकेत राहणाऱ्यांनी जाणकार कारागिराकडून सिमेंट-काँक्रीटच्या तुळईत कड्या बसवून घ्याव्यात. विटांच्या पातळ भिंतीत नव्हे.

पहिल्या दिवशी अर्धा तास दुपारची डुलकी पुरे. दोन्ही कुशींवर वळून पाहावे आणि दुखते कुठे, याकडे लक्ष द्यावे. खांदे आवळत असतील तर झोळी थोडी सैल करावी आणि अधिक तिरके झोपावे. गुडघे ताठ होऊन दुखत असतील तर पायाकडची बाजू हाताच्या वीतभर उंच करावी. त्याने शरीर खाली घसरणेही थांबते. पोटरीखाली कापडाची कडक कड टोचत असेल आणि हे सर्व करूनही ती जात नसेल, तर झोळी लांबीला कमी आहे असे समजावे. नंतर एक संपूर्ण रात्र घरी काढावी. शरीराला नव्या बिछान्याची सवय व्हायला दोन-तीन रात्री लागतात, त्यामुळे पहिल्याच रात्रीवरून निकाल देऊ नये. तीन रात्रींनंतरही मान किंवा कंबर धरत असेल, तर आपल्यासाठी पुलासारखी किंवा आडवी झोळी योग्य, हे ठरवायला काहीच हरकत नाही. दुकानदाराकडून ती बदलून मिळण्याची अट खरेदीच्या वेळीच पावतीवर लिहून घेतलेली असावी.

एवढी तयारी केली तर हुरड्याच्या रात्री शेकोटी विझल्यावर झोळीत शिरणाऱ्याला कूस बदलण्याची चिंता उरणार नाही.